सही आमची, निर्णय तुमचा

प्रति,
कंपन्यांच्या संचालक मंडळांचे सदस्य, कारखान्यांचे प्रमुख आणि भरतीच्या जाहिराती मंजूर करणारे सर्व अधिकारी यांस

सादर नमस्कार.

माझ्या हाताखाली तीन वर्षं काम केलेल्या एका मुलाने परवा मला नोकरीची जाहिरात पाठवली. खाली एकच ओळ होती : 'मॅडम, अर्ज करू का?'

पद होतं 'व्यवस्थापक, पर्यावरण व जोखीम अनुपालन'. (अनुपालन हा शब्द जाहिरातीत असतो. कारखान्यात सगळे कम्प्लायन्सच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणणार आहे.) कामांची यादी पानभर. परवाने काढायचे आणि मुदत संपण्याआधी नवे करून घ्यायचे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवून घ्यायचं, स्टॅकमधल्या (धुराड्यातल्या) धुराचे नमुने, घातक कचऱ्याची पाठवणी, जोखमींची नोंदवही, आपत्कालीन योजना आणि तिच्या रंगीत तालमी, ऑडिट, कार्बनचा हिशेब, ईएसजीचा (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार यांबाबतचा) अहवाल, कामगारांचं प्रशिक्षण. सर्वांत शेवटी, 'आवारातील स्वच्छता व बाग यांवर देखरेख'. इथवर मला हसू येत होतं. त्याखालची ओळ वाचली आणि ते गेलं : 'हे पद उत्पादन प्रमुखांच्या अधिपत्याखाली राहील.'

त्याला उत्तर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की उत्तर माझ्याकडे नाहीच. ते तुमच्याकडे आहे. म्हणून हे पत्र.

या पेशात मी अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातल्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सांडपाणी बाहेर पडतं तिथे पाण्याची आम्लता मोजणारा एक पीएच मीटर होता आणि त्याची रेघ कागदाच्या गुंडाळीवर उमटायची. महिन्याचा अहवाल करायला मी गुंडाळी उलगडली, तर सलग अकरा दिवस रेघ ७.२ वर. इतकी सरळ, की फूटपट्टी लावून काढल्यासारखी. सांडपाणी असं वागत नाही. पाळी बदलली, रिअॅक्टर धुतला, कुणाच्या हातून कॉस्टिक (अल्कली) जास्त पडलं की रेघ हलतेच. मी आउटलेटपाशी गेले. मीटरचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची कांडी, एका बादलीत ठेवलेला होता. स्वच्छ पाणी, वर झाकण, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून झाकणावर वीट.

ती वीट मला अजून आठवते. किती काळजीपूर्वक केलेलं काम होतं ते!

ऑपरेटर लबाड माणूस नव्हता. सांडपाण्यात मोजून आम्ल सोडणारा डोसिंग पंप तीन आठवडे बंद होता. नव्या पंपाची मागणी 'पुढच्या तिमाहीत बघू' असा शेरा घेऊन परत आली होती. आणि पीएच मर्यादेबाहेर गेला तर जाब त्यालाच विचारला जाणार होता. मी उत्पादन प्रमुखांना सांगितलं, तेच माझे साहेब. ते ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, 'प्रोब परत नाल्यात टाकून दे, पंपाचं मी बघतो. या महिन्याचा रिपोर्ट मात्र आहे तसा जाऊ दे.' माझं वार्षिक मूल्यमापन लिहिणारा माणूस समोर बसून हे बोलत होता. मी सही केली. पंप पाच आठवड्यांनी आला.

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. बरोबर आहे, म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणून पुढे जायचं कुठे? माझ्या साहेबांच्या वरच्या दाराला माझ्यासाठी कडी होती आणि त्यांच्यासाठी नव्हती. पर्यावरण आणि कम्प्लायन्सच्या नोकरीतली मेख इथेच आहे. कागदावर सही आमची, परवान्यावर नाव आमचं, तपासणीला कुणी आलं की पुढे आम्ही. पंप केव्हा घ्यायचा, प्लांट किती दाबाने चालवायचा, दुरुस्तीला किती दिवस द्यायचे, हे ठरवणार दुसरं कुणी. जबाबदारी दिली आणि अधिकार दिला नाही, तर ज्याला थोडं कळतं तो माणूस दोन वर्षांत एकतर नोकरी सोडतो, नाहीतर सही करायला शिकतो. मागे राहतात ते सही करायला शिकलेले. मग तुम्हीच विचारता, या क्षेत्रात चांगली माणसं का मिळत नाहीत?

मोठ्या दुर्घटनांचे अहवाल मी सवयीने वाचते. भोपाळचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, तरी त्यातला एक भाग सांगितल्यावाचून राहवत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री टाकीत पाणी शिरून मिथिल आयसोसायनेट हे विषारी रसायन उसळलं, तेव्हा ते अडवायला तीन यंत्रणा होत्या. साठा थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा कित्येक महिने आधीच बंद केलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर राखीव म्हणून नुसता उभा होता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. नकाशावर पाहाल तर तिन्ही आहेत. त्या रसायनाचं उत्पादनही तेव्हा थांबलेलं होतं, टाकीत नुसता साठा होता, आणि त्यातलं सुमारे ४० टन हवेत गेलं. तिन्ही गोष्टी एका दिवसात बिघडल्या नाहीत. एकेक करून, बचत म्हणून किंवा 'सध्या गरज नाही' म्हणून बाजूला पडत गेल्या. 'यातलं एक जरी चालू नसेल तर साठा ठेवायचा नाही' असं म्हणण्याचा आणि तसं करवून घेण्याचा अधिकार कारखान्यातल्या कुणाकडे आहे, हे तुमच्या पदरचनेच्या तक्त्यात शोधून पाहा. नाव सापडलं नाही तर ते पद रिकामं आहे, जाहिरात खरं तर त्याची द्या.

तपासणी आणि प्रमाणपत्र असलं की झालं, असं वाटणाऱ्यांनी ब्राझीलमधलं ब्रुमाडिन्हो पाहावं. २५ जानेवारी २०१९ ला तिथलं लोहखनिजाच्या खाणीतल्या गाळाचं धरण फुटलं आणि २७० माणसं गेली. त्या धरणाला काही महिने आधीच 'स्थिर आहे' असा दाखला मिळालेला होता. मरणाऱ्यांत खाणीचेच कर्मचारी मोठ्या संख्येने होते, कारण कंपनीची कार्यालयं आणि जेवणघर धरणाच्या खालच्या अंगाला होतं, आणि वेळ दुपारच्या जेवणाची होती. त्या जागेचा नकाशा मंजूर करणाऱ्या कुणालाच हे दिसलं नसेल? मला वाटतं दिसलं असणार. दिसणं आणि बोलणं यांत पगाराची पावती आडवी येते.

जोखमीचा तक्ता वर्षातून एकदा तुमच्यापुढे येतो. उभे पाच, आडवे पाच चौकोन. एका बाजूला घटनेची शक्यता, दुसऱ्या बाजूला परिणामांची तीव्रता, दोन्हींचा गुणाकार, आणि आकड्याप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल. तो तुमच्या टेबलावर पोचण्याआधी त्याचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. सॉल्व्हंटच्या टाक्यांभोवती डाइकची भिंत असते, टाकी गळली तर माल आत अडावा म्हणून. एका ठिकाणी त्या भिंतीला तडा होता, बोट जाईल एवढा. आम्ही लिहिलं : शक्यता ४, तीव्रता ४, म्हणजे १६, लाल. बैठकीत एकजण म्हणाला, 'पण आजवर टाकी गळलीय कधी?' नव्हती गळली. शक्यता ४ ची २ झाली. ८ आले, चौकोन पिवळा. भिंतीला कुणी हात लावला नाही, तडा होता तिथेच राहिला, आणि चहा येईपर्यंत जोखीम निम्मी झाली. लालसाठी संचालक मंडळाची मंजुरी लागायची, पिवळ्यासाठी नाही, हे सांगायला नकोच.

पुढच्या वेळी तक्ता आला की एक करा. पहिला मसुदा मागा. कोणता आकडा कुणी, कुठल्या बैठकीत, काय कारण देऊन बदलला ते विचारा. याला सल्लागार लागत नाही.

आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक १९९६ मध्ये आलं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत 'व्यवस्थापन प्रतिनिधी' नेमावा लागे, आणि पर्यावरण म्हणजे त्या प्रतिनिधीचं काम, अशी सगळ्यांची सोयीस्कर समजूत होती. २०१५ च्या आवृत्तीने त्या पदाची सक्ती काढून टाकली आणि 'नेतृत्व' या कलमाखाली उत्तरदायित्व थेट सर्वोच्च व्यवस्थापनावर ठेवलं. आम्हाला वाटलं, सुटलो! मी पाहिलेल्या कारखान्यांत झालं एवढंच, की त्याच माणसाच्या दारावरची पाटी बदलली. पुढे २०२१ मध्ये आयएसओ ३७३०१ हे कम्प्लायन्सचं स्वतंत्र मानक आलं. कम्प्लायन्स पाहणाऱ्यांना नियामक मंडळापर्यंत थेट जाता आलं पाहिजे, त्यांना स्वातंत्र्य आणि पुरेसा अधिकार असला पाहिजे, असं ते स्पष्ट सांगतं. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. तुमच्या स्वागतकक्षात चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्रांमागे जे छापलंय तेच मागतेय.

फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५ मध्ये उघड झालं, तेव्हा मला माझी बादली आठवली. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं, की गाडी चाचणीच्या यंत्रावर उभी आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरायचा. रस्त्यावर त्यांतल्या काही गाड्यांमधून नायट्रोजनची ऑक्साइडं अमेरिकेतल्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत होती. प्रोब बादलीत ठेवण्याचंच हे काम, फक्त अभियंत्यांनी केलेलं. या प्रकरणात २०१७ मध्ये अमेरिकेत एका अधिकाऱ्याला ७ वर्षांची शिक्षा झाली. तो तिथल्या कंपनीच्या पर्यावरण व अभियांत्रिकी कार्यालयाचा प्रमुख राहिलेला होता. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही, गुन्हा त्याने स्वतः कबूल केला. पण आज नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माहीत आहे, की या खुर्चीवरून तुरुंगात जाता येतं. त्या खुर्चीसोबत तुम्ही त्यांना काय देता, याचा हिशेब ती मुलं करतात आणि कार्बन अकाउंटिंगकडे वळतात.

ते वळणं मला समजतं. ईएसजीच्या कामाला पगार बरा आहे, संचालकांसमोर सादरीकरण करायला मिळतं, बुटाला चिखल लागत नाही. हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडायचा याची पद्धत २००१ पासून आहे, आता गुंतवणूकदारही तो मागतात, आणि मागावाच. पण त्या अहवालातला पहिला आकडा, तुमच्या स्वतःच्या आवारातून काय बाहेर पडलं तो, येतो कुठून? बॉयलरच्या इंधनाच्या नोंदवहीतून आणि कुठल्यातरी फ्लो मीटरमधून. ते मीटर शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं, म्हणजे बरोबर मोजतंय का ते तपासलं, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या पदाला तुमच्याकडे बढतीचा रस्ता नाही. एका ऑडिटमध्ये मी महिनाभराचं लॉगबुक पाहिलं होतं : तिन्ही पाळ्या, एकच अक्षर, एकच पेन. त्यातले आकडे पुढे रंगीत आलेख होऊन वार्षिक अहवालात छापले गेले. छपाई सुंदर होती.

आमच्याही लोकांचं चुकतं, तेही लिहायला हवं. कलमं तोंडावर फेकायची, सगळ्याला नाही म्हणायचं आणि प्लांटमध्ये पाऊल टाकायचं नाही, असे कम्प्लायन्सवाले मी पाहिलेत. त्यांचं उत्पादनवाले ऐकत नाहीत, आणि मलाही त्यांचं ऐकावंसं वाटत नाही. या कामाला रसायनशास्त्र लागतं, थोडा कायदा लागतो, गणित लागतं. त्याहून जास्त, रात्रपाळीच्या ऑपरेटरने आपणहून येऊन 'मॅडम, तिकडे जरा वास येतोय' असं सांगावं, इतकी ओळख लागते. ती ओळख कुठल्या पदवीत मिळत नाही. पाच-सात वर्षं एका जागी टिकलं तरच होते. म्हणून माणूस टिकणं महत्त्वाचं.

ऑपरेटरने सांगावं असं वाटत असेल, तर बोनसकडेही एकदा पाहा. 'शून्य अपघात' झाले की बक्षीस, ही योजना ऐकायला छान. ती लागू झाली की पहिल्यांदा बंद होतात त्या निअर मिसच्या (थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या) चिठ्ठ्या. २००५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं मेली. तिथले वैयक्तिक इजांचे आकडे चांगले दिसत होते, आणि तेच चित्र फसवं होतं, असं नंतरच्या सरकारी तपासात नमूद झालं. अटी पूर्ण न करताच कागदावर बरोबरची खूण करून टाकायची, ही तिथली सवयही त्या अहवालात लिहिलेली आहे. घसरून पडलेल्यांची संख्या आणि तिथे झालं तसा टॉवर भरून वाहण्याची शक्यता, या वेगळ्या गोष्टी आहेत. कम्प्लायन्सवाल्याचा बोनस उत्पादनाच्या टनांवर किंवा शून्यावर बांधाल, तर तो टन आणि शून्यच आणून देईल.

तर माझी मागणी अशी. हे पद उत्पादन प्रमुखाच्या हाताखालून काढा आणि त्याचं मूल्यमापन वरून होऊ द्या. त्याला वर्षातून निदान दोनदा, कारखान्याचे प्रमुख खोलीत नसताना, मंडळाशी बोलू द्या. डोसिंग पंपाएवढा खर्च स्वतःच्या सहीने करता येईल इतकी रक्कम त्याच्या नावावर ठेवा, कारण बहुतेक खोटे अहवाल एखाद्या छोट्या, अडकलेल्या खरेदीतून जन्माला येतात. आणि ठरावीक बाबतींत प्लांट थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. कोणत्या बाबतींत, ते आधीच शांतपणे बसून ठरवा, रात्री दोन वाजता फोनवर नको. तो अधिकार पहिल्यांदा वापरला जाईल तेव्हा माल अडकेल आणि तुम्हाला राग येईल. त्या दिवशी तुम्ही काय करता, ते पाहून पुढची दहा वर्षं तुमच्याकडे कोण अर्ज करणार हे ठरेल. मी काम केलेल्या एका ठिकाणी असं घडलं होतं. थांबवलेला प्लांट सहा तासांनी पुन्हा सुरू झाला, थांबवणाऱ्याची बदली तीन महिन्यांनी गोदामात झाली, आणि त्यानंतर तिथे कुणी काही थांबवल्याचं मी ऐकलं नाही.

बाग मात्र त्याच्याकडे राहू द्या, हरकत नाही. झाडं सुकायला लागली की जमिनीत काय मुरतंय ते सगळ्यांत आधी बागेतच कळतं.

त्या मुलाला मी कळवलंय, अर्ज कर. मुलाखतीत 'प्रश्न आहेत का?' असं शेवटी विचारतात, तेव्हा पगाराबद्दल विचारू नकोस. आधीचा माणूस का गेला आणि तो आता कुठे आहे, ते विचार. परवान्यातली मर्यादा शेवटची कधी ओलांडली गेली होती ते विचार, आणि 'कधीच नाही' असं उत्तर आलं तर ते वहीत लिहून ठेव. मग आउटलेट पाहायचंय म्हण.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. तुमच्यापैकी कुणीतरी टेबलाच्या पलीकडे असेल. सेफ्टी शूज काढून ठेवा, त्याला नऊ नंबरचे लागतात.

आपली,
एक निवृत्त पर्यावरण व्यवस्थापक